मशीन म्हणतं, जेवूनच जावा

प्रतिक्षाबाईंचा आवाज बसला, त्याची पहिली तक्रार खालच्या मजल्यावरून आली. मडिवाळप्पा जिना चढून वर आले आणि दारातूनच आपल्या कानडी हेलात म्हणाले, "येन्री हरिदासराव, बाई गावाला गेल्या काय? दोन दिवस झाले, आमाला सकाळी जागच येईना."

मडिवाळप्पांचं चुकलं नव्हतं. वर्षानुवर्षं चौथीच्या वर्गाला पाढे घोकायला लावून कमावलेला तो आवाज होता. त्या आवाजानं जुळे सोलापुरातली ती तीन मजली इमारत उठायची, दूधवाला जिन्यात जागच्या जागी थांबायचा, आणि नळाला पाणी आलं की पलीकडच्या गल्लीतसुद्धा बादल्या वाजायला लागायच्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. मौन नीट पाळलं तर गाठी आपोआप जिरतील. पण मध्ये एकदा जरी ओरडल्या तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर आवाज असाच राहील याची हमी नाही. बाई घरी आल्या, खिडकीपाशी बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज गेला तर वर्ग गेला, आणि वर्ग गेला तर आपण कोण, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. परवानगीही नव्हती.

हरिदासला ते पाहवलं नाही. हरिदास म्हणजे बाईंचा नवरा, एका विमा कंपनीच्या ऑफिसात हेडक्लार्क. माणूस अत्यंत मऊ. दारात आलेल्या कुणालाही 'जा' म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. एकदा पत्ता चुकून आलेल्या गॅसवाल्याला त्यानं चहा पाजून, वर पोहे खायला घालून पाठवलं होतं. त्याच्या स्वभावाचा दुसरा पैलू म्हणजे तंत्रज्ञान. ऑफिसात प्रिंटर अडला की त्यालाच हाक मारत. तो प्रिंटरच्या पाठीत एक थाप मारी आणि प्रिंटर चालू होई, त्यामुळे यंत्र आपल्या हाताचं ऐकतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

अशा वेळी पुण्याहून लेकीचा फोन आला. बुद्धप्रिया ज्या कंपनीत होती तिथं हाताच्या खुणा ओळखणारं सॉफ्टवेअर बनत होतं. तिनं एका टॅबमध्ये ते भरून, सोबत छोटा स्पीकर देऊन कुरिअरनं पाठवलं. युक्ती सोपी होती. कॅमेऱ्यासमोर एक खूण करायची, तिचा अर्थ टाईप करायचा आणि तीच खूण वीसेक वेळा निरनिराळ्या बाजूंनी दाखवायची. मग ती खूण दिसली रे दिसली की मशीन बाईमाणसाच्या गोड आवाजात ते वाक्य बोलणार.

"बाबा, एकच सांगते," बुद्धप्रिया म्हणाली. "शिकवायचं आईनं. खुणा तिच्या आहेत."

"अगं, चोवीस वर्षं संसार केलाय मी. तुझ्या आईचा हात हलला की तिच्या मनात काय आहे ते मला कळतं."

फोनवर थोडा वेळ शांतता होती. लेक आईच्या वळणावर गेलेली असल्यामुळे त्या शांततेचाही अर्थ हरिदासला कळला नाही.

टॅब ठेवायला स्टँड हवा म्हणून तो नवी पेठेत गेला. सोलापुरात दुकानदाराला वस्तू मागितली की आधी कारण सांगावं लागतं. "कशाला पाहिजे?" "बायकोला बोलायला." एवढं ऐकल्यावर दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आपापली खरेदी विसरली. एकीनं ज्येष्ठमध सांगितला. एकानं, डॉक्टरला गळ्यातलं काही कळत नाही, मानेला तेल लावा, म्हणून सांगितलं. तिसरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तीन आठवडे देवानं दिलेत. मशीन कशाला आणताय?" हरिदासचा फार अपमान झाला. त्यानं त्या माणसाकडे पाठ फिरवली आणि त्या रागात, घासाघीस न करता, समोर दिसला तो स्टँड घेतला. घरी येऊन कागद सोडल्यावर कळलं की तो लग्नाच्या हॉलबाहेर ठेवायचा स्टँड आहे. वर कमानीत 'सुस्वागतम' होतं आणि कडेनं गुलाबाची प्लास्टिकची फुलं. दोन्ही वेल्डिंग करून बसवलेलं असल्यामुळे निघेना.

रविवारी दुपारी बाई झोपल्या होत्या तेव्हा हरिदासनं मशीनची शाळा घेतली. खुणा बाईंच्या, पण करून दाखवल्या त्यानं. हात जोडले की 'जय भीम'. हे बरोबरच होतं. बोट हवेत गोल फिरवलं की 'पंखा वाढवा'. आणि पंजा पुढे केला की? हरिदासनं डोळे मिटून आठवलं. पाहुणे जायला उठले की प्रतिक्षा नेहमी असा पंजा पुढे करते. म्हणजे ती त्यांना थांबवते. किती अगत्याची बाई! त्याचा ऊर भरून आला आणि त्यानं टाईप केलं, 'बसा की, जेवूनच जावा.'

पंजा पुढे करून प्रतिक्षाबाई आजवर पाहुण्यांना 'बरं, या आता' म्हणत होत्या, ही गोष्ट चोवीस वर्षांत त्याच्या ध्यानात आली नव्हती. पाहुण्यांच्या आली होती. ते जात असत.

संध्याकाळी बाईंना सुस्वागतमच्या खाली बसवून उद्घाटन झालं. बाईंनी हात जोडले, मशीन "जय भीम" म्हणालं, आणि बाई मनापासून हसल्या. बिनआवाजी. हरिदासला वाटलं, झालं, जिंकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी यायचा दिवस होता. मोटर लावून हरिदास पेपर वाचत बसला. टाकी भरल्याचा आवाज बाईंनी ऐकला आणि बोट गोल फिरवून खूण केली. मोटर बंद करा. "पंखा वाढवा," मशीन म्हणालं. हरिदासनं उठून पंखा वाढवला. बाईंनी बोट जोरात फिरवलं. "पंखा वाढवा." पंखा पाचवर गेला. बाई दोन्ही हातांची बोटं फिरवायला लागल्या तेव्हा हरिदास काळजीनं म्हणाला, "अगं, यापुढं नंबर नाहीत त्याला." तेवढ्यात गच्चीवरून पाणी खाली आलं, आणि आलं ते थेट मडिवाळप्पांच्या अंगणात, जिथं त्यांच्या बायकोनं, काशम्मांनी, वर्षाची चटणी करायला शेंगदाणे वाळत घातले होते. काशम्मा खालून कानडीत जे बोलल्या ते मशीनला समजलं नाही, पण इमारतीतल्या बाकी सगळ्यांना समजलं.

मडिवाळप्पा मात्र वर आले ते सल्ला घेऊन. त्यांनी एक जुनी पाटी आणि खडू आणला होता. "बाईंना हे द्या की. लाईट नको, चार्जिंग नको." बाईंनी पाटी अशी घेतली जशी कुणी बुडताना दोरी घ्यावी. हरिदासचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी मशीनचं बटण बंद केलं होतं, ते त्याच्याकडे बघून पुन्हा चालू केलं आणि पाटीवर लिहिलं, 'पोरीनं मनापासून पाठवलंय. राहू दे.' यात आपलं नाव कुठं नाही, हे हरिदासच्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

पुढचं रजेचं. बाईंच्या शाळेच्या संस्थेत अर्ज दिला होता. तिथल्या कारकुनानं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. "सगळं बरोबर हाय. फक्त बाईंनी समक्ष येऊन सांगायचं, की मला बोलता येत न्हाई म्हणून."

"अहो, पण त्यांना बोलता येत नाही."

"तेच. तेच त्यांनी सांगायचं. मागं एका सरांच्या नावानं भलत्यानंच रजा टाकलीती. तवापासून नियम हाय."

नियमापुढं हरिदास नेहमीच नम्र असे. रिक्षात एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला तो आणि मध्ये सुस्वागतम, असे ते संस्थेत गेले. स्टँड टेबलासमोर उभा राहिला. 'पेन द्या, लिहून देते,' अशा अर्थानं बाईंनी पंजा पुढे केला.

"बसा की, जेवूनच जावा," मशीन म्हणालं.

कारकून दचकला. "मी बसलेलोच हाय की." मग त्यानं बाईंकडे नीट पाहिलं. "आणि बाई तर झकास बोलतात! आवाज पण किती गोड झालाय." आणि त्यानं अर्जावर लाल शाईनं शेरा मारला, 'अर्जदार समक्ष बोलल्या. रजेची आवश्यकता दिसत नाही.' तो शेरा पुसून घ्यायला हरिदासला पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन, ऐकू आलेला आवाज अर्जदाराचा नसून यंत्राचा आहे, असं वेगळं सर्टिफिकेट आणावं लागलं. आपल्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये असं सर्टिफिकेट पहिल्यांदा लिहितोय, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याची एक प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवली.

पण खरी गंमत आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांनी केली.

आपल्याकडे कुणी आजारी पडलं की बघायला जायची पद्धत आहे. जायचं, तब्येत विचारायची, त्याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगायचं, चहा घ्यायचा आणि 'येतो' म्हणून उठायचं. घरच्यांनी म्हणायचं, 'बसा की, जेवून जावा.' पाहुण्यांनी म्हणायचं, 'नको नको, पुन्हा कधीतरी.' यातलं जेवण कुणी खरं धरत नाही. खरं बोलावणं कोणतं आणि तोंडदेखलं कोणतं, हे म्हणणाऱ्याच्या सुरावरून शेंबड्या पोरालाही ओळखू येतं. मशीनला सूर एकच होता. ते दर वेळी तितक्याच कळवळ्यानं म्हणे.

पहिल्या अडकल्या त्या मुक्ताआत्या. हरिदासची ही आत्या वेळापूरहून एसटीनं आली, चहा प्याली, दोन मयतींची हकीकत सांगून उठली. बाईंनी पंजा केला. "बसा की, जेवूनच जावा." आत्या थबकली. बाईंनी घाबरून पंजा जोरजोरात हलवला. "बसा की, जेवूनच जावा. बसा की, जेवूनच जावा."

आत्यानं पिशवी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. "पोरीला वाचा न्हाय, तरी मशिनीतनं आग्रव करतीया. आता मी उठले तर मला मानूस म्हनायचं का?"

ती जेवली. संध्याकाळी पुन्हा निघाली, पुन्हा पंजा, पुन्हा मशीन. चौथ्या दिवशी तिनं निघायचा विषयच काढणं बंद केलं, आणि दारात येईल त्याला ती कौतुकानं सांगू लागली, आमची सून खुणेनं जेवायला वाढती. मग काय, शाळेतल्या बाया आल्या त्या जेवल्या. हरिदासच्या ऑफिसातले आले ते जेवले. शेंगदाण्यांच्या वेळी अबोला धरलेल्या काशम्मासुद्धा एकदा भांडायला म्हणून वर आल्या आणि जेवून गेल्या. बाईंना चुलीपुढं राबवायचं नाही म्हणून स्वयंपाक हरिदासकडे होता. कडक भाकरी विकत मिळत होती, शेंगांची चटणी पुढं काशम्माच द्यायला लागल्या; आमटी तेवढी तो करायचा. ती रोज वेगळी व्हायची आणि तो तिला रोज आमटीच म्हणायचा.

"बाबा, जुनं सगळं पुसा आणि आईला शिकवू द्या," बुद्धप्रियानं फोनवर सांगितलं.

"मशीनमध्ये काही दोष नाही," हरिदास ताठ मानेनं म्हणाला. "लोकच बसतात, त्याला मी काय करू?"

असं करत करत शेवटचा रविवार उजाडला. मंगळवारी डॉक्टरांकडे तपासणी होती. बाईंनी इतके दिवस एक अक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत मुक्ताआत्या, मडिवाळप्पा, काशम्मा, शाळेतल्या चौघी शिक्षिका आणि दोन असे गृहस्थ होते की जे कुणाबरोबर आलेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाटी आमटीच्या पातेल्याखाली होती. एक शिक्षिका गरम तुपाच्या गुळण्या सांगत होती. आत्या वेळापूरच्या एका बाईची गोष्ट सांगत होती. "तिचाबी आसाच आवाज गेल्ता. डाक्टर म्हनला यील यील. कुटं आला? मरूस्तवर टाळ्या वाजवूनच बोलली बिचारी."

हे ऐकल्यावर बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही पंजे पुढे केले. "बसा की, जेवूनच जावा." लोक म्हणाले, बसलोय की. बाईंनी दाराकडे हात केला, पुन्हा पंजे हलवले. "बसा की, जेवूनच जावा. बसा की, जेवूनच जावा." "किती तो आग्रह," एक शिक्षिका म्हणाली. बाई स्टँडकडे निघाल्या, तर आत्यानं हात धरून त्यांना खाली बसवलं. "तू नगं उठूस. आमी घेतो वाढून."

हरिदास भाकऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आला तो नेमका या क्षणी. त्यानं पाहिलं, प्रतिक्षाची मान ताठ झाली आहे, छाती भरून आली आहे आणि तोंड उघडतं आहे. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. अख्ख्या चौथीला एका हाकेत गप्प करण्याआधी घ्यायचा तो श्वास. आता ही ओरडणार. दोनच दिवस उरले असताना सगळं जाणार, आवाज जाणार.

ताट त्यानं मडिवाळप्पांच्या मांडीवर टाकलं आणि दोन्ही हात पसरून मध्ये उडी घेतली. "बसा की, जेवूनच जावा," त्याचे पंजे पाहून मशीन त्यालाच म्हणालं.

"बसतोय की बाबा, कुटं पळतोय," आत्या म्हणाली.

"नाही!" हरिदास ओरडला. आपण ओरडतोय हे कळून तो स्वतःच दचकला, पण थांबला नाही. "उठा! सगळे उठा. जावा घरी. आज कुणी जेवायचं नाही. ती जा म्हणतीय. पहिल्या दिवसापासून ती जा म्हणतीय! मशीनला मी उलटं शिकवलंय."

मग त्या दोन अनोळखी गृहस्थांनी चपला शोधायला सुरुवात केली. शिक्षिका उठल्या. काशम्मांनी नवऱ्याच्या मांडीवरच्या भाकऱ्या गोळा केल्या. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. मुक्ताआत्यानं पिशवी भरली, दारात थांबून हरिदासकडे टक लावून पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"अगदी बापावानी वरडलास," ती म्हणाली. "मला वाटलंतं, तुला घशात हाडूकच न्हाय." आणि ती समाधानानं एसटी गाठायला गेली.

हरिदासनं मागं वळून पाहिलं. प्रतिक्षाबाईंनी तो कोंडलेला श्वास हळूहळू सोडला होता. आवाज न करता. तो सुस्वागतमला टेकून खाली बसला. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

संध्याकाळी दोघं मशीनसमोर बसली. जुनं सगळं पुसलं. बाई एकेक खूण करत आणि हरिदास अर्थ सांगे. चुकला की त्या मान हलवत. पंजा पुढे. "बसा?" नाही. "थांबा?" नाही. "कप राहू द्या?" नाही. "बरं, या आता?" बाईंनी कपाळाला हात लावला, आणि तो होकार आहे हे त्याला बरोबर कळलं. मग मनगटाचा एक झटका आला, जो तो इतकी वर्षं 'काही नको, मी बरी आहे' असा समजत होता. "बाजूला व्हा?" होय. हा झटका त्यानं रोज पाहिला होता, आणि रोज तिथंच उभा राहिला होता. बाईंना हसू आवरेना. हसायला बंदी होती म्हणून त्या तोंडात पदर कोंबून नुसत्या हलत होत्या, आणि त्यांच्याकडे बघून तोही हसायला लागला. बाईंनी पदर काढून त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. ही खूण मशीनला शिकवायची राहिली.

मंगळवारी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान जिरल्यात. तरी पण आणखी आठ दिवस मौन पाळा, म्हणजे पुन्हा उद्भवायला नकोत."

प्रतिक्षाबाईंनी डोळे मोठे केले. मग मान हलवली, अंगठा खांद्यावरून मागं, माहेरच्या दिशेनं दाखवला, हवेत सुस्वागतमची कमान काढून पुसली, हरिदासकडे एक बोट केलं आणि मनगटाला झटका दिला.

"डॉक्टर, ती म्हणते," हरिदास सांगायला लागला, "आठ दिवस गप्प राहते, पण घरी नाही. केमला, प्रदीपकडे, म्हणजे तिच्या भावाकडे. तिथं शेतात बसून गप्प राहते. आणि मशीन पाठवू नका." तो अडखळला. पण सांगायचं तर सगळं सांगायचं. "आणि मी पण येऊ नको."

"अहो, तुम्ही मध्ये बोलू नका," डॉक्टर वैतागून म्हणाले. "सगळ्या नवऱ्यांची हीच सवय. बाई, तुम्ही बोला. एखाददुसरं वाक्य चालेल. मला आवाज ऐकायचाच आहे."

बाईंनी ओठ ओले केले. घसा खाकरणार होत्या, पण डॉक्टरांनी बोट दाखवलं म्हणून थांबल्या. हरिदासनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तीन आठवड्यांनी त्या खोलीत तो आवाज उमटला, जरा हलका, पण स्वच्छ, कुठंही न चिरकलेला.

"बरोबर सांगितलं ह्यांनी," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

दुसऱ्या दिवशी बाईंना केमच्या गाडीत बसवून हरिदास ऑफिसात गेला आणि बाईंचे पहिले शब्द काय होते ते टेबलाटेबलाशी जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं. दुसरं वाक्य तेवढं त्यानं स्वतःजवळ ठेवलं.